लोणारची काच आणि रामन विकिरण

औंढा नागनाथचा परिसर ज्या दख्खन बेसाल्टवर वसला आहे, त्याच खडकात उल्काघाताने लोणारचे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर निर्माण झाले. आघाताच्या प्रचंड दाबाने तेथील प्लॅजिओक्लेज खनिजाचे, न वितळताच, मॅस्केलिनाइट या काचेत रूपांतर झाले. दाब ओसरल्यावरही ही काच त्याच रासायनिक घटनेच्या वितळून बनलेल्या काचेहून अधिक घन राहते. केवळ रासायनिक पृथक्करणाने हा भेद कळत नाही. त्यासाठी अणुरचनाच पाहावी लागते.

येथे रामन विकिरण उपयोगी पडते. स्फटिकाच्या तीक्ष्ण रेषांऐवजी काचेत रुंद पट्टे दिसतात. प्रयोगशाळेत सिलिका काचेची घनता दाबाने सुमारे 20 टक्क्यांपर्यंत कायमची वाढते. तेव्हा सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन बंधकोन लहान होतो व मुख्य पट्टा सरकून अरुंद होतो. अशा रीतीने नमुना न फोडता काचेने सोसलेल्या दाबाची खूण वाचता येते.