तारामती ते जोधाबाई : दुर्गा खोटे यांची अर्धशतकी वाटचाल

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्यातील राणी तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती. फाळके यांनी त्या भूमिकेसाठी स्त्रीचा पुष्कळ शोध घेतला, परंतु कॅमेऱ्यासमोर उभी राहण्यास कोणी तयार होईना. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके यांना त्यांनी लुगडे नेसवले. त्यानंतर एकोणीस वर्षांनी 'प्रभात'ने हरिश्चंद्राचीच कथा घेऊन 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला. त्यातील तारामती होत्या दुर्गा खोटे. मुंबईतील एका प्रतिष्ठित सॉलिसिटरांची कन्या, दोन मुलांची आई आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेली ही तरुणी पडद्यावर आली, आणि चित्रपटात काम करणाऱ्या स्त्रीकडे पाहण्याची मध्यमवर्गीयांची दृष्टी हळूहळू बदलू लागली.

फाळके यांनीच १९१३ मध्ये 'मोहिनी भस्मासुर'साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांना पडद्यावर आणले होते. मूकपटांच्या काळात पुढे अनेक अभिनेत्री नावारूपालाही आल्या. त्यामुळे दुर्गा खोटे यांना चित्रपटातील पहिली स्त्री म्हणता येणार नाही. त्यांचे महत्त्व वेगळे आहे. कुलीन घरातील स्त्रीने चित्रपटात जाणे म्हणजे घराण्याच्या नावाला बट्टा, अशी समजूत त्या काळी पक्की होती. दुर्गाबाईंनी ती चित्रपटसृष्टीत राहूनच खोडून काढली.

वैभव आणि ओहोटी

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. वडील पांडुरंग शामराव लाड. कुटुंब मूळचे गोव्याकडचे, मोठे आणि एकत्र. शिक्षण कॅथीड्रल हायस्कूलमध्ये व पुढे सेंट झेवियर्समध्ये झाले. ऐन तारुण्यात विश्वनाथ खोटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. माहेरप्रमाणे सासरही संपन्न होते, मात्र हे वैभव टिकले नाही. सासरची आर्थिक स्थिती ढासळली, आणि बकुल व हरिन या दोन मुलांच्या संगोपनासाठी स्वतः काही कमावण्याची वेळ दुर्गाबाईंवर आली. तरुण वयातच त्यांना वैधव्यही आले.

अशा स्थितीत चालून आलेले पहिले काम होते मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' (१९३१) या चित्रपटातील. मूकपट आणि बोलपट यांच्या संधिकालातील या चित्रपटाला काही बोलका भाग जोडण्यात आला होता, आणि दुर्गाबाईंची भूमिका तेवढ्यापुरतीच होती. चित्रपट पडला. माहेर व सासर या दोन्ही घरांना टीका सोसावी लागली. दुसऱ्या कोणी तिथेच हा मार्ग सोडून दिला असता. परंतु हाच चित्रपट पाहून व्ही. शांताराम यांनी त्यांना 'अयोध्येचा राजा'साठी विचारले.

एक दृश्य, दोन भाषा

'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट मार्च १९३१ मध्ये आला होता. पाठोपाठ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी 'अयोध्येचा राजा' झळकला. 'प्रभात'चा स्टुडिओ तेव्हा कोल्हापुरात होता. पार्श्वगायनाची पद्धत अद्याप सुरू झाली नव्हती. त्यामुळे कॅमेऱ्यासमोर अभिनय करतानाच गाणेही गावे लागे आणि तेच ध्वनिमुद्रित होई. शिवाय चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत निघत असल्याने तीच दृश्ये दोनदा उभी करावी लागत. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या संगीत रंगभूमीवर मुरलेल्या नटासमोर, अनुभव जवळपास नसताना, दुर्गाबाईंनी ही कसोटी पार केली. राज्य गमावलेली, पोटच्या मुलासह विकली गेलेली राणी प्रेक्षकांना भावली. 'फरेबी जाल'मुळे लागलेला बोल तारामतीने पुसून टाकला.

त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये त्या स्त्रीराज्याच्या राणीच्या भूमिकेत दिसल्या. पुढे 'अमर ज्योती'मध्ये (१९३६) त्यांनी अन्यायाविरुद्ध शस्त्र उचलणारी, समुद्रावर सत्ता गाजवणारी सौदामिनी रंगवली. सोशिक नायिकांच्या त्या काळात ही भूमिका अपवादात्मकच म्हणावी लागेल. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला.

स्वतंत्र बाणा

त्या काळी चित्रपट कंपन्यांचा कारभार एखाद्या पेढीसारखा चाले. कलावंत, तंत्रज्ञ, कारागीर सारेच कंपनीचे पगारी नोकर. कोणी कोणत्या चित्रपटात काय करायचे, हे मालक ठरवत. दुर्गाबाईंनी स्वतःला असे एकाच कंपनीला बांधून घेतले नाही. 'प्रभात'मध्ये नाव झाल्यावर त्या कलकत्त्यास गेल्या. तेथे देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली न्यू थिएटर्सच्या 'राजरानी मीरा'मध्ये (१९३३) आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या 'सीता'मध्ये (१९३४) त्यांनी प्रमुख भूमिका केल्या. 'सीता' व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी 'सवंगडी' (हिंदीत 'साथी') या चित्रपटाची निर्मितीही केली. आपल्या कामाचे मोल आपणच ठरवायचे, ही पुढे रूढ झालेली पद्धत त्यांनी कितीतरी आधी अवलंबिली होती.

भूमिकांच्या निवडीतही त्यांनी प्रतिमेची फिकीर केली नाही. तारामती आणि सीता म्हणून पूजनीय ठरलेल्या या अभिनेत्रीने आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी'मध्ये (१९४१) छळवादी सासू आणि विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप'मध्ये (१९४२) कैकेयी साकारली. तेव्हा त्यांचे वय अवघे छत्तीस-सदतीस होते. नायिकापद निसटू नये म्हणून धडपडण्यापेक्षा वयाच्या एक पाऊल पुढे जाऊन त्यांनी चरित्र भूमिका स्वीकारल्या. त्यांची कारकीर्द पाच दशके टिकली, त्याचे एक प्रमुख कारण या निर्णयात आहे.

रंगभूमी आणि उत्तरायुष्य

रंगभूमीवरही त्यांनी तेवढ्याच निष्ठेने काम केले. इप्टाच्या चळवळीशी त्यांचा संबंध होता. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्यांनी भूमिका केल्या. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वर आधारित, वि. वा. शिरवाडकर यांच्या 'राजमुकुट'मधील त्यांचे काम विशेष गाजले. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. ख्यातनाम दिग्दर्शिका विजया मेहता या त्यांचे पुत्र हरिन यांच्या पत्नी होत्या. हरिन यांचे अकाली निधन झाले, आणि उमेदीच्या वयात वैधव्य सोसलेल्या दुर्गाबाईंना पुत्रशोकही पाहावा लागला.

नव्या पिढीच्या प्रेक्षकांना दुर्गा खोटे परिचित आहेत त्या 'मुघल-ए-आझम'मधील (१९६०) जोधाबाई म्हणून. पती आणि पुत्र यांच्या संघर्षात चिरडली जाणारी महाराणी त्यांनी भारदस्त संयमाने उभी केली. समोर अकबराच्या भूमिकेत होते पृथ्वीराज कपूर, म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वीच्या 'सीता'मधील राम. 'आनंद', 'बावर्ची', 'अभिमान', 'बॉबी', 'कर्ज' अशा चित्रपटांतून त्या दिसत राहिल्या. 'बिदाई'तील (१९७४) भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. दरम्यान जाहिरातपट व लघुपट काढणारी स्वतःची संस्थाही त्यांनी उभारली. दूरदर्शनवर १९८८ मध्ये घराघरांत पोहोचलेली 'वागले की दुनिया' ही मालिका त्याच संस्थेची निर्मिती होय.

'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मचरित्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. शासनाने १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री दिली होती. १९८३ मध्ये चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च सन्मान त्यांच्या वाट्याला आला. २२ सप्टेंबर १९९१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तो सर्वोच्च सन्मान आहे दादासाहेब फाळके यांच्या नावाचा. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा पुरस्कार बोलपटातील तारामतीला मिळाला. फाळक्यांच्या शोधाचे खरे उत्तर सत्तर वर्षांनी असे सापडले.