रक्तातील चरबी आणि लकव्याचा जोर



उंबरमाळी, शहापूर, मुरबाड भागात फिरताना हल्ली बांधावर एक प्रश्न येतो : "साहेब, चरबी जास्त असली की लकवा सौम्य होतो म्हणे, मग रोजची गोळी कशाला?" ही बातमी अर्धी खरी आहे. पण अर्धे ऐकून गोळी बंद करणे जिवावर बेतेल, म्हणून या अंकात उसाचा विषय बाजूला ठेवतो.

मुंबईच्या एका विभागात २००५-०६ साली लकव्याची नोंदणी झाली. वर्षाला लाखामागे सुमारे १४५ जणांना पहिला झटका आलेला आढळला. पाचांपैकी चौघांत मेंदूची रक्तवाहिनी तुंबली होती.

वाहिनी तुंबते कशी? ठिबकच्या नळीत क्षार धरतो, तसे एल.डी.एल. कोलेस्टेरॉल वाहिनीच्या अस्तरात वर्षानुवर्षे साठते. नळी हळूहळू अरुंद होते. तेवढ्या अवधीत शेजारच्या लहान वाहिन्या थोडेफार रक्त पुरवू लागतात. दुसऱ्या प्रकारात हृदयाचे ठोके अनियमित होऊन हृदयातच गुठळी बनते. ती सुटून वर जाते आणि पाटात ओंडका अडकावा तशी मोठी वाहिनी एकदम बंद करते. पाणी दुसरीकडून वळवायला सवडच नाही! हा झटका बहुधा जबर असतो, आणि अशा रोग्याची चरबी वाढलेली असेलच असे नाही.

कोपनहेगनच्या २००७ सालच्या अभ्यासात जास्त कोलेस्टेरॉलवाल्यांचे झटके सौम्य दिसले, ते बहुधा यामुळेच. दोन जातींचा ऊस एकत्र गाळून उतारा काढला तर कुठल्या जातीला श्रेय द्यायचे? चरबीने मेंदू वाचवला, असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय झटक्यानंतर काही दिवसांत रक्तातली चरबी आपसूक उतरते, तेव्हा तपासणी केव्हा केली हेही पाहावे लागते.

उलट पुरावा भक्कम आहे. २००६ साली ४,७३१ रोग्यांवरील चाचणीत चरबी उतरवणारी गोळी घेणाऱ्यांत पाच वर्षांत शंभरी ११.२ जणांना पुन्हा झटका आला. नुसती नकली गोळी घेणाऱ्यांत १३.१ जणांना. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नये.

ट्रायग्लिसराइड्स ही दुसरी चरबी दारूने आणि अति गोडाने वाढते. साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहिणे जरा अवघडच, पण खरे आहे.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. मोठी वाहिनी बंद असता मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, आणि आपल्याकडून कल्याण किंवा नाशिक गाठण्यातच बराच वेळ जातो. तेल चोळत बसू नका, तोंडावाटे पाणीही देऊ नका. घरची अ‍ॅस्पिरिनही नको : वाहिनी तुंबली की फुटली, हे सी.टी. स्कॅनशिवाय कळत नाही.