मोडीतलं धन

तुमच्या घरी पितळेचा गुंड आहे का हो? नसेल, तर बहुधा माझ्यासारखाच तुम्हीही तो कधीतरी मोडीत दिला असणार! १९७६ साली मी लग्न होऊन नागपूरला आले, तेव्हा सासरच्या स्वयंपाकघरात गुंड, गंज, कोपर, घंगाळ, सगळं तांब्या-पितळेचं. घासता घासता हात दुखायचे, वर कल्हईवाल्याची वाट बघा! मला हवं होतं शेजारणीसारखं लखलखीत स्टील. १९७९ च्या दिवाळीआधी मी दोन गुंड आणि एक घंगाळ तराजूत घातलं नि स्टीलचे डबे आणले. सासूबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, त्या मोठ्या गुंडावर माझ्या आईचं नाव होतं."

ते वाक्य काही माझ्या डोक्यातून गेलं नाही. जुनी भांडी शोधायचा नाद लागला तो तिथून.

आपलं नागपूर या नादाला मोठं सोयीचं. इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी – वस्त्यांची नावंच मुळी बाजाराच्या वारांवरून! त्यात पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं भंडारा अगदी जवळ, त्यामुळे विदर्भातल्या घराघरांत पितळ भरपूर. इतवारीत नवी भांडी विकणाऱ्यांकडे मोडीचा ढीगही असतो. "जुन्यातलं काही दाखवा" म्हटलं की नाकं मुरडतात, पण दाखवतात! सकाळी गर्दीच्या आधी जावं, आणि साधी साडी नेसून जावं, बरं का. शिवाय १८६१ पासून १९५६ पर्यंत नागपूर प्रांताची राजधानी होतं. साहेबांच्या नि वकिलांच्या बंगल्यांतली टेबलं, काटे-चमचे अजून कुठे कुठे निघतात. चमच्यामागे 'ई.पी.एन.एस.' अशी अक्षरं दिसली तर चांदीचा भाव मुळीच देऊ नका. तो नुसता चांदीचा मुलामा!

भांडं हातात घेतलं की आधी काठाखाली बघा. टोचून टोचून घातलेलं नाव सापडेल, कधी 'यांजकडून भेट' असंही. साल शकाचं असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८५२ म्हणजे १९३० च्या सुमारास कुणाच्या तरी लग्नात आलेलं ते भांडं. मग उजेडात धरून डाग दिलेला आहे का, तळ झिजलाय का ते पाहा. आतली कल्हई गेलेली असेल तर ती करून घेतल्याशिवाय त्यात कढी, ताक, चिंचेचं सार ठेवूच नका. कळकतं, आणि ते पोटाला वाईट. जुन्या सागवानी फर्निचराचं म्हणाल तर ते उलटं करून बघा. बारीक भोकांतून ताजा भुसा पडत असेल तर भुंगा जिवंत आहे. ते घरात आणलंत की तुमचं कपाटही खाईल.

पण खरी गंमत काश्याची. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील, त्यामुळे कासं महाग. नुसत्या डोळ्यांना फसायला होतं. बोटाच्या टिचकीनं वाजवा; पितळ लवकर गप्प होतं, कासं घंटेसारखं घुमत राहतं. (आपटून मात्र बघू नका, कासं फुटतं!)

ही टिचकी मला एकदा चांगलीच नडली. महालातला एक जुना वाडा पाडून तिथे फ्लॅट व्हायचे होते. घरच्या वहिनींनी ओळखीपाळखीच्या बायकांना बोलावून सामान काढलं होतं. ओसरीवर पाट, पोळपाट, देवघरातली समई, जुने ट्रंक. अशा घरी जाताना आपण बाजारात नाही, कुणाच्या तरी घरात आहोत हे विसरायला होतं, हो! एका टोपलीत सहा वाट्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "पितळेच्या आहेत, किलोच्या भावानं न्या." मी टिचकी मारली. घुमली! मी गप्प बसले. पितळेच्या भावानं सहाही वाट्या पिशवीत टाकल्या आणि रिक्षात बसल्यावर केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

रात्री सासूबाईंच्या तळपायांना त्यातल्याच एका वाटीनं तूप चोळत होते. त्यांनी विचारलं, "कितीला पडल्या?" मी आकडा सांगितला. "काश्याच्या आहेत हे तिला ठाऊक होतं?" मला उत्तर देता येईना.

दुसऱ्या दिवशी परत गेले. लाज वाटत होती, पण सांगितलं. वहिनी हसल्या आणि मग एकदम रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "सासूबाई असत्या तर मला माहीत असतं." चार वाट्या त्यांनी परत घेतल्या, दोन मला काश्याच्या भावानं दिल्या. घासाघीस मी आजही करते, दुकानदाराशी तर हटकून करते. पण जिला आपल्या वस्तूची किंमत ठाऊक नाही, तिला आधी सांगते, मग भाव विचारते. हातच्या दोन-चार चांगल्या वस्तू गेल्या त्यापायी.

आणखी एक. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रं वगैरे दिसली तर उत्साहाला जरा आवर घाला. १९७२ च्या कायद्यानं अशा कित्येक वस्तूंची नोंदणी लागते, आणि परदेशातल्या मुलाकडे त्या धाडता येत नाहीत. नजर तयार करायची असेल तर अजब बंगल्यात एक दुपार काढा. १८६३ सालचं संग्रहालय आहे, आपल्याच गावात!

सासूबाई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. इतवारीत गेले की मी अजून मोठ्या गुंडांचे काठ चाचपते. गेल्या महिन्यात एक मिळाला, तसाच रुंद गळ्याचा. नावाची जागा कानशीनं घासून काढलेली. दुकानदाराकडे पावती मागितली, तर तो म्हणाला, "मोडीची कसली पावती, बाई?" नाव असं मुद्दाम पुसलेलं असलं की माल कुठून आला याची शंका घ्यावी. मी तो होता तिथे ठेवला आणि समोरून अर्धा किलो कथलाची चौकशी करून घरी आले. घरातल्या दोन गंजांना कल्हई लावायची आहे.