तारनाक्यावर यान पडलं असतं तर

तारनाका हा शब्द मराठी माणसाला फोडून सांगावा लागत नाही. निजामाच्या काळी इथे आंब्यांच्या बागा होत्या, बागांना तारेचं कुंपण आणि कुंपणाशी नाका, अशी या नावाची कथा हैदराबादेत सांगतात. आज बागही नाही आणि तारही नाही. डोक्यावर मेट्रोचं स्टेशन, खाली "किधर जाना साब" विचारणारे रिक्षावाले. सुट्टीत पुण्याहून आलेला माझा भाचा त्या स्टेशनच्या जिन्यावर मधेच थांबला. "मामा, सुपरमॅनचं यान अमेरिकेत न पडता इथल्या आंब्याच्या बागेत पडलं असतं तर?"

मागून येणाऱ्या बाईंनी आम्हाला तेलुगूत बाजूला व्हायला सांगितलं आणि प्रश्न आमच्याबरोबर घरी आला.

कल्पना आपलीच, असं भाच्याला वाटत होतं. पण अमेरिकन कॉमिक्सवाल्यांनी हे दुकान कधीच थाटलंय. २००३ च्या 'सुपरमॅन: रेड सन'मध्ये यान युक्रेनमधल्या सामुदायिक शेतावर पडतं आणि पोर स्टालिनच्या राज्यात वाढतं. अर्थात एकट्या नायकाचं जर-तर सोपं. पत्ता बदलला की निम्मं काम झालं. खरी कसोटी संघाची. तिथे एक सोंगटी हलवली की सगळा पट हलतो.

मार्व्हलच्या 'व्हॉट इफ' मालिकेचा पहिला अंक फेब्रुवारी १९७७ चा. त्याचं मूळ १९६३ सालच्या एका प्रसंगात आहे. 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या पहिल्याच अंकात पीटर पार्कर 'फँटास्टिक फोर'कडे नोकरी मागायला जातो. घरात पैशांची ओढाताण, मे काकूंची काळजी, तेव्हा स्वारी पगारावर येते. इथे पगार-बिगार नसतो, उरेल तो पैसा संशोधनात जातो, हे कळल्यावर गडी तणतणत निघून जातो. (सुपरहिरोंच्या अख्ख्या इतिहासात मला सगळ्यात जवळचा वाटणारा प्रसंग हाच.)

लेखक रॉय थॉमसने चौदा वर्षांनी विचारलं, त्याला ठेवून घेतलं असतं तर? चाराचे पाच होतात. वाचक टाळ्या वाजवायच्या तयारीत. पण एकत्र कुटुंबात नवी सून आली की जुनीचा ओटा कसा सरकतो, हे आपल्याकडे कुणाला शिकवायला नको. अदृश्य होण्याची शक्ती असलेली सू हळूहळू खरोखरच कुणाला दिसेनाशी होते. मोहिमेवर नवा पोरगा पुढे, ही मागे. शेवटी ती समुद्राचा राजा नेमॉर याच्याकडे निघून जाते. जग बुडत नाही. एक घर मोडतं. पुढच्या पुष्कळ 'व्हॉट इफ' अंकांत शेवटी सगळ्यांना मारून टाकायचा जो आळस दिसतो, त्याच्यापेक्षा हे कितीतरी अवघड.

'एक्स-मेन'ची १९९५ सालची 'एज ऑफ अपोकॅलिप्स' ही अशीच, फक्त पल्ला मोठा. प्रोफेसर झेवियरचा मुलगा बापाच्या वाटेतला काटा काढायला भूतकाळात जातो. मारायचं असतं मॅग्नेटोला. मध्ये बाप पडतो आणि तोच मरतो. मग 'एक्स-मेन' उभे कोण करतं? मॅग्नेटो. मेलेल्या मित्राचं स्वप्न वैरी व्हायचा तोच खांद्यावर घेतो. चार महिने नेहमीची मासिकं थांबवून त्यांच्या जागी नव्या नावांनी ही गोष्ट छापली गेली.

डीसीवाल्यांकडे हा पसारा हिशेब जुळवताना वाढला. १९४० चा एक फ्लॅश होता, १९५६ मध्ये दुसराच आणला. १९६१ साली दोघांची गाठ घालायची तर दोन पृथ्व्या मानणं भाग पडलं. पुढे पृथ्व्या इतक्या झाल्या की १९८५ मध्ये बारा अंकांची मालिका काढून त्या निकालात काढाव्या लागल्या.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून जाते. बदल एवढाच, चार बोटांचा. मग मराठे पानिपत जिंकतात आणि पुढचा इतिहास आपल्या पायांनी चालू लागतो. गंगाधरपंतांच्या खिशात उरतं ते बखरीचं फाटकं पान. एकच गोष्ट बदलायची आणि नंतर लेखकाने हात आखडता घ्यायचा, हे पथ्य नारळीकरांनी कसोशीने पाळलं.

आणि आपला वेताळ, म्हणजे मूळचा फँटम? अबिड्सच्या रविवारच्या फुटपाथ बाजारात मला एकदा इंद्रजाल कॉमिक्सचे तीन अंक मिळाले, पिना गंजलेल्या, एकाच्या मुखपृष्ठावर कुणीतरी बेरीज केलेली. १९६४ पासून निघालेल्या या अंकांत वेताळाचा बंगाला देश 'डेंकाली' झाला, सिंग चाच्यांचे 'सिंगा' झाले आणि बापाचा मारेकरी रामा झाला 'रामालू'. आपल्याकडच्या वाचकांना नावं खुपू नयेत म्हणून. इथे तारनाक्यात मात्र हा रामालू वरच्या मजल्यावरचा भाडेकरू वाटतो.

रात्री भाच्याने वही काढली. सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला १९३८ मध्ये, तेव्हा यानही त्याच साली पाडू, असं ठरलं. मी त्याला सांगितलं, त्याच वर्षी पलीकडच्या उस्मानिया विद्यापीठातून 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकलं होतं. त्यांतले बरेच नागपूरला शिकायला गेले, पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. "म्हणजे निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनच्या वेळी सुपरमॅन दहा वर्षांचा," भाच्याने बोटं मोजली. मग संघ जमवला: एक नांदेडचा, एक बिदरची, एक वरंगळचा आणि हा बागेतला. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली: मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बिदर म्हैसुरात, वरंगळ आणि हैदराबाद आंध्रात. अठरा वर्षांच्या सुपरमॅनचा संघ एका रात्रीत तीन राज्यांत. खलनायक कुणीच नाही, नुसता राजपत्रातला कागद.

"मग हे मीटिंगमध्ये कुठल्या भाषेत बोलणार?"

"दखनीत," मी म्हटलं. "आपला 'नको' तिच्यात 'नक्को' होऊन बसलाय."

सकाळी दूध आणायला भाचाच गेला. परत आला तो दोन पिशव्या छातीशी कवटाळून. दुकानदाराला "थैली नक्को" म्हणाला होता.