सगळ्यात शेवटी सुटणारी गाडी

फॉर्म्युला वनचा चालक जॅकी स्ट्युअर्ट याने एके काळी शर्यतीच्या गाडीत स्टिअरिंगजवळ पाना चिकटपट्टीने बांधून ठेवायला सुरुवात केली. ही त्याची लहर नव्हती. 1966 च्या जूनमध्ये बेल्जियममधल्या स्पा इथे शर्यत सुटली आणि पहिल्याच फेरीत पावसाने गाठलं. स्ट्युअर्टची गाडी ट्रॅक सोडून एका शेतघरापाशी जाऊन आदळली. पाय अडकलेले, अंगावर टाकीतलं पेट्रोल सांडलेलं, आणि त्या जागी ना डॉक्टर, ना हत्यारं. तिथेच घसरलेले ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट हे त्याचे प्रतिस्पर्धी धावून आले. कुणा प्रेक्षकाच्या गाडीतून पाना मागून आणला, स्टिअरिंग खोललं आणि त्याला बाहेर काढलं. यात पंचवीस मिनिटं गेली. मग उपचार केंद्रात त्याला जमिनीवर ठेवलं गेलं, आजूबाजूला सिगारेटची थोटकं. तिथून लीएजच्या रुग्णालयाकडे निघालेल्या अँब्युलन्सची पुढच्या पोलिसांच्या गाडीशी चुकामूक झाली आणि ती वाट चुकली.

जगातल्या सगळ्यात वेगवान खेळांपैकी एक, आणि त्याचा जखमी खेळाडू रस्ता शोधत फिरतोय. पुढच्या वर्षी बीआरएम संघाच्या लुई स्टॅन्लींनी शर्यतीच्या गावोगाव नेता येईल असं एक चाकांवरचं रुग्णालय उभं केलं. आत शस्त्रक्रियेची सोय होती. ट्रॅकवाल्यांना मात्र त्याचं फारसं कौतुक नव्हतं. काही ठिकाणी ते नुसतं उभंच राहिलं. मला वाटतं, त्या योजनेत मुळातच एक खोट होती. रुग्णालय दाराशी आलं खरं, पण जखमी माणूस अजून वळणावर अडकलेला होता.

ही खोट ओळखली ती लिव्हरपूलच्या एका मेंदूशल्यविशारदाने. सिड वॉटकिन्स लंडन हॉस्पिटलमध्ये प्राध्यापक होते. 1978 साली फॉर्म्युला वन संघांचे म्होरके बर्नी एक्लस्टन यांनी त्यांना फॉर्म्युला वनच्या वैद्यकीय व्यवस्थेवर नजर ठेवायला सांगितलं. त्याच वर्षी 10 सप्टेंबरला इटलीत मोन्झाला शर्यत सुटताच गाड्यांचा ढीग झाला आणि रॉनी पीटरसनची गाडी पेटली. त्याला बाहेर काढलं ते जेम्स हंट, क्ले रेगाझोनी आणि पात्रिक देपाये या चालकांनी. वॉटकिन्स धावत पोचले, तर पोलिसांनी कडं केलेलं. खुद्द डॉक्टरलाच आत सोडेनात. अँब्युलन्सला यायला अठरा-वीस मिनिटं लागली. पीटरसनच्या पायांची हाडं मोडली होती. रात्री शस्त्रक्रिया झाली, पण हाडातली चरबी रक्तात उतरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

वॉटकिन्सनी मग तीन गोष्टींचा हट्ट धरला: भूलतज्ज्ञ, हेलिकॉप्टर आणि स्वतःसाठी एक वेगवान गाडी. अमेरिकेतल्या पुढच्याच शर्यतीपासून ती गाडी, म्हणजे मेडिकल कार, शर्यतीच्या गाड्यांमागे पहिली फेरी धावू लागली. पहिलीच फेरी का, तर तेव्हा सगळ्या गाड्या एका घोळक्यात असतात, टायर आणि ब्रेक थंड असतात, टाक्या भरलेल्या असतात. अपघात व्हायचाच असेल तर तिथे व्हायची शक्यता जास्त. सगळ्या गाड्या गेल्या की शेवटी ही निघते आणि कुणाला मागे टाकायचं नाही, हाच तिचा नियम असतो. फेरी संपली की ती पिटजवळच्या ठरलेल्या जागी इंजिन सुरू ठेवून उभी राहते.

या गाडीला रुग्णवाहिका म्हणणं चूक ठरेल. तिच्यात रुग्णाला झोपवायला जागाच नसते. बरीच वर्षं हे काम मर्सिडीज-एएमजीच्या स्टेशन वॅगनकडे होतं. 2021 पासून ॲस्टन मार्टिनच्या डीबीएक्सचीही पाळी येऊ लागली. शक्तिमान इंजिन, पाठीमागे सामानाला जागा. डिकीत श्वासोच्छ्वासाचं यंत्र, हृदयाला झटका देणारं यंत्र, भाजल्यावर लावायच्या पट्ट्या आणि अग्निशामक. आत बसलेले डॉक्टर चालकांसारखेच अग्निरोधक पोशाखात, डोक्याला हेल्मेट. त्यातला एकजण बहुधा त्या गावचा असतो, कारण जवळचं रुग्णालय आणि तिथली माणसं त्याला ठाऊक असतात. समोर पडद्यावर शर्यत दिसत राहते. प्रत्येक शर्यतीच्या गाडीवर एक छोटा दिवा बसवलेला असतो. धक्का ठराविक मर्यादेपलीकडे गेला की तो पेटतो. चालक हसत बाहेर आला तरी त्याला डॉक्टरांपुढे जावंच लागतं. 2018 पासून हातमोज्यात नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारी चकतीही शिवलेली असते.

स्टिअरिंगवर कोण, हेही बघण्यासारखं आहे. ॲलन व्हॅन डर मर्व 2003 चा ब्रिटिश फॉर्म्युला थ्री विजेता. त्याने बरीच वर्षं हीच गाडी हाकली. त्याच्या शेजारी डॉ. इयन रॉबर्ट्स. 29 नोव्हेंबर 2020 ला बहारीनमध्ये पहिल्याच फेरीत रोमँ ग्रोजाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि आगीचा लोळ उठला. मेडिकल कार मागेच होती. दहा-अकरा सेकंदांत ती तिथे पोचली. व्हॅन डर मर्वने अग्निशामक उचललं, एक मार्शल दुसरं घेऊन पळत आला, रॉबर्ट्स थेट ज्वाळांच्या तोंडाशी गेले. ग्रोजाँ सत्तावीस-अठ्ठावीस सेकंदांनी कठड्यावर चढला आणि त्यांनी त्याला ओढून घेतलं. हात भाजले, जीव वाचला. डोक्यावरच्या हेलो कमानीने कवटी वाचवली हे खरंच, पण ती गाडी पिटमध्ये उभी राहून फोनची वाट पाहत असती तर गोष्ट वेगळी झाली असती.

अडकलेल्या चालकाला गाडीतून काढणाऱ्यांचं पथक वेगळं असतं. सहा जणांचं हे पथक त्याच एका कामाचा पुन्हा पुन्हा सराव करतं. मणक्याला इजा असेल तर माणसाला खांद्याला धरून खेचायचं नाही. 1999 पासून फॉर्म्युला वनची खुर्चीच अशी बनवतात की चालकासकट ती उचलून बाहेर येते. चालकालाही परीक्षा असते: पट्टे सोडून, स्टिअरिंग काढून 7 सेकंदांत बाहेर.

हेलिकॉप्टर तर शर्यतही थांबवू शकतं. 2017 च्या एप्रिलमध्ये शांघायला ढग इतके खाली आले की हेलिकॉप्टरला रुग्णालयावर उतरता येईना. शुक्रवारचा सराव जवळजवळ वाया गेला. करोडोंचा खेळ, लाखभर तिकिटं, आणि एका उतरू न शकणाऱ्या यंत्रापायी सगळं ठप्प. हा नियम मला फार आवडतो.

तरीही सगळं सुटलेलं नाही. 2014 साली सुझुका इथे पावसात ज्यूल बियांकीची गाडी घसरली ती थेट ट्रॅकशेजारी दुसरी गाडी उचलत असलेल्या क्रेनवर. बचावाला आणलेलं वाहनच काळ ठरलं. तो नऊ महिन्यांनी गेला. त्यानंतर 2015 पासून अशा वेळी सगळ्या गाड्यांना ठरावीक संथ वेगाने चालायला लावणारी पद्धत आली.

भारतात हे सारं 2011 ते 2013 अशी तीन वर्षं नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर दिसलं. आपल्या राज्यात तशा दर्जाचा ट्रॅक नाही. कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे, आणि नाशिकच्या आसपास काही वर्षं राष्ट्रीय मालिकेतली ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ धावली. रॅलीचं गणित ट्रॅकहून निराळं. गाड्या एकेक करून सुटतात, रस्ता डोंगरातला, मधल्या वळणावर काय झालं ते कुणालाच दिसत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी रुग्णवाहिका आणि एक चपळ बचावगाडी उभी असते आणि गाडीत एक फलक देतात. एका बाजूला हिरवं ‘ओके’, दुसऱ्या बाजूला लाल ‘एसओएस’. घसरलेल्या चालकाने बाहेर येऊन त्रिकोण ठेवायचा आणि मागून येणाऱ्याला फलक दाखवायचा. लाल दिसला की पहिल्या गाडीने थांबायचं, दुसरीने पुढच्या रेडिओच्या ठाण्यावर कळवायचं. न थांबणाऱ्यावर कारवाई होते.

आता बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्याकडे येऊ. इथे मोटारशर्यत होत नाही. वऱ्हाडात शर्यत म्हटली की शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत. 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये अंतरिम परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला राज्याचा कायदा टिकला. पटाच्या नियमांत बैलांची तपासणी, पशुवैद्यक यांना पहिलं स्थान आहे, ते योग्यच. छकड्यावरून पडणाऱ्या धुरकऱ्याचा विचार मात्र आपल्याकडे पटाच्या गर्दीत कमीच होतो.

पण नांदुऱ्याला अपघात शोधत जावं लागत नाही. मलकापूर आणि खामगाव यांच्या मधल्या या गावाला लागून राष्ट्रीय महामार्ग 53 जातो. जुनी माणसं अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. रस्त्याकडेला 105 फुटांचा हनुमान उभा आहे. आणीबाणीच्या वैद्यकाचं मूळ तत्त्व त्यालाच पहिलं कळलं असं गमतीने म्हणता येईल: लक्ष्मणाला उचलून हिमालयात नेलं नाही, औषधच रणात आणलं, आणि मुळी ओळखता येईना तर अख्खा डोंगर.

29 जुलै 2023 च्या पहाटे याच महामार्गावर मलकापूरला दोन खासगी ट्रॅव्हल्स समोरासमोर धडकल्या. एक अमरनाथहून हिंगोलीला परतत होती, दुसरी नाशिककडे निघाली होती. सहा जण गेले. त्याच महिन्याच्या 1 तारखेला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स उलटली आणि पेटली. पंचवीस जण गेले. बस दाराच्या बाजूवर पडली होती, म्हणजे दार खाली दबलेलं. जे वाचले त्यांतले काही काच फोडून निघाले. शर्यतीच्या चालकाला 7 सेकंदांत बाहेर पडण्याची परीक्षा द्यावी लागते. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये झोपलेल्या प्रवाशाला मागची काच कशाने फुटते हेही कुणी सांगत नाही.

महाराष्ट्रात 108 सेवा 2014 च्या जानेवारीत सुरू झाली, तेव्हा 937 रुग्णवाहिका होत्या. त्यांतल्या 233 प्रगत, म्हणजे श्वासोच्छ्वासाच्या यंत्रासह. नियंत्रण कक्ष पुण्यात. एका बाबतीत ही सेवा वॉटकिन्सच्या विचाराजवळ जाते: तिच्या गाडीत डॉक्टर असतो, अनेक ठिकाणी आयुर्वेदाचा पदवीधर. दुसऱ्या बाबतीत मात्र ती मूळ जागीच आहे. ही गाडी फोन आल्यावर निघते. राज्याच्या क्षेत्रफळाला 937 ने भागलं तर एका गाडीच्या वाट्याला सव्वातीनशे चौरस किलोमीटरहून जास्त मुलूख येतो. बुद्ध सर्किटची अख्खी लांबी 5.125 किलोमीटर. तेव्हा ट्रॅकची सेकंदं महामार्गावर मागणं हा भाबडेपणा झाला.

ट्रॅकवरून इथे काही उचलायचं असेल तर ती गाडी उचलता येणार नाही. रॅलीतला फलक उचलता येईल. तिथे पहिली मदत मागून येणारा प्रतिस्पर्धीच करतो, आणि तो थांबला म्हणून त्याचं नुकसान होऊ देत नाहीत. त्याचा गेलेला वेळ पंच हिशेबात धरतात आणि त्याला रास्त वेळ भरून देतात. आपल्या महामार्गावर मागून येणारा थांबत का नाही, याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे: पोलीस ठाण्याच्या चकरा, साक्ष, रुग्णालयात ‘तुम्ही कोण, पैसे कोण भरणार’. 30 मार्च 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीने कलम 134 अ आणलं. सद्भावनेने मदत करताना जखमीला काही झालं तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याच कायद्यात ‘गोल्डन अवर’ची व्याख्याही आहे: गंभीर इजा झाल्यानंतरचा पहिला तास. या तासात गंभीर जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्याला केंद्र सरकार आता 25,000 रुपये देतं. 2021 मध्ये योजना आली तेव्हा ही रक्कम 5,000 होती.

बक्षिसाहून मला नियमातली दुसरी ओळ महत्त्वाची वाटते. जखमीला आणून सोडणाऱ्याने आपलं नाव, पत्ता, नंबर द्यायलाच हवा असं नाही. रुग्णालय त्याला अडवून ठेवू शकत नाही, पैसे मागू शकत नाही. हे धाब्यांवर, पेट्रोल पंपांवर आणि टोलनाक्यांवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून लावायला काही कोटींचा निधी लागत नाही. सहा नंबरवर अपघातापाशी सगळ्यात आधी पोचतो तो मागचा ट्रकवाला, नाहीतर धाब्यावरचा पोऱ्या.