तासाभराची गाडी, अडीच हजार वर्षांचे बंदर

रबरी चाकांच्या चिमुकल्या गाडीतून मार्सेलिस पाहताना मराठी माणसाची नजर मात्र समुद्रावरच खिळून राहते.

मार्सेलिस म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. बोटीच्या अरुंद खिडकीतून समुद्रात झेपावणारे तरुण सावरकर! शाळेच्या पुस्तकात भेटलेले हे गाव प्रत्यक्षात आहे तरी कसे? फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे हे शहर (फ्रेंच लोक त्याला 'मार्सेय' म्हणतात) थोडक्या वेळात पाहायचे, तर सोय आहे ती 'पती त्रँ'ची. पती त्रँ म्हणजे छोटी गाडी.

नाव गाडीचे असले, तरी तिला रूळ नाहीत. आपल्याकडे बागेत मुलांसाठी फुलराणी असते ना, तशी पुढे इंजिन आणि मागे दोन-तीन उघडे डबे अशी ही गाडी रबरी चाकांवर थेट रस्त्यावरून धावते. ध्वनिमुद्रित आवाज वाटेतली ठिकाणे सांगत असतो. आजी-आजोबांना चढाची दमछाक नाही आणि मुलांनाही कंटाळा नाही. त्यामुळे सारे कुटुंब एकत्र बसते.

जुन्या बंदरातून

गाडी निघते ती जुन्या बंदराच्या धक्क्यावरून. इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास ग्रीक दर्यावर्दी याच खाडीत उतरले आणि त्यांनी 'मस्सालिया' वसवले. फ्रान्समधले हे सर्वांत जुने शहर. आज इथे शिडांच्या नौकांची दाटी असते आणि सकाळी कोळणी ताजी मासळी मांडून बसतात. फ्रेंच भाषेतला तो गलका ऐकताना ससून डॉकची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

पण याच धक्क्यामागच्या इमारती नीट पाहा. त्या तुलनेने नव्या दिसतात. जानेवारी १९४३ मध्ये जर्मनांनी फ्रेंच पोलिसांच्या मदतीने इथल्या वीस हजारांहून अधिक रहिवाशांना घराबाहेर काढले आणि मग अख्खी वस्ती सुरुंग लावून उडवली. सतराव्या शतकातले नगरभवन मात्र वाचले.

बंदराला वळसा घालून गाडी किनाऱ्याच्या रस्त्याला लागते. बंदराच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना किल्ले आहेत. पुढे समुद्रात एक खडकाळ बेट दिसते. त्यावरचा किल्ला म्हणजे 'शातो दीफ'. अलेक्झांडर द्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' या कादंबरीचा नायक याच तुरुंगातून निसटतो. तो नायक काल्पनिक. आपल्याला आठवतो तो खरा!

टेकडीवरची 'चांगली आई'

आता चढ सुरू होतो. सुमारे दीडशे मीटर उंचीच्या टेकडीवर 'नोत्र दाम द ला गार्द' हे चर्च आहे. १८६४ मध्ये त्याचे अभिषेकविधी झाले. मनोऱ्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीचा अकरा मीटर उंचीचा सोनेरी पुतळा आहे. इथले लोक तिला 'बॉन मेर', म्हणजे 'चांगली आई' म्हणतात. आत गेल्यावर छताला टांगलेल्या छोट्या छोट्या बोटी दिसतात. वादळातून वाचलेल्या खलाशांनी फेडलेले हे नवस! धर्म कोणताही असो, दर्यावर गेलेल्या माणसाची काळजी सगळीकडे सारखीच.

चर्चच्या भिंतींवर गोळ्यांच्या खुणा आहेत. वाटेत 'झान दार्क' नावाचा एक रणगाडाही जपून ठेवला आहे. ऑगस्ट १९४४ च्या लढाईत तो इथेच निकामी झाला. ही टेकडी जर्मनांकडून सोडवणाऱ्या सैन्यात अल्जेरियन शिपाई आघाडीवर होते. म्हणजे फ्रान्सच्या स्वातंत्र्यासाठी लढत होते ते फ्रान्सचेच गुलाम. आपल्याला हे नवे नाही. सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी पलटणी याच मार्सेलिसला उतरून पश्चिम आघाडीवर गेल्या होत्या. शहराच्या दक्षिण भागातल्या माझार्ग युद्ध दफनभूमीत त्यांच्यापैकी अनेकांची स्मृती जपलेली आहे. ही छोटी गाडी तिथवर जात नाही. वेगळा वेळ काढून जायला हवे.

ती उडी

टेकडीवर उतरून कठड्याशी उभे राहिले, की सारे बंदर पायाशी दिसते. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोट या बंदरात उभी होती. सावरकरांनी उडी घेतली आणि पोहून धक्का गाठला. फ्रेंच भूमीवर आपल्याला इंग्रज हात लावू शकणार नाहीत, हा त्यांचा हिशेब होता. पण फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून पुन्हा बोटीवर आणण्यास मदत केली. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ च्या निकालात लवादाने ही अटक आणि सोपवणूक नियमाला धरून नव्हती हे मान्य केले. तरीही सावरकरांना परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असेच ठरवले. त्या एका वाक्याने अंदमानचा दरवाजा उघडला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये याच शहरात भारताच्या वाणिज्य दूतावासाचे उद्घाटन झाले. ज्या धक्क्यावर एका भारतीयाची बाजू घ्यायला कोणी नव्हते, तिथे आज आपले कार्यालय आहे.

जाणार असाल तर

टेकडीवर 'मिस्त्राल' वारा बोचरा असतो. मुलांना कानटोपी हवीच. वर गाडीतून उतरून चर्च निवांत पाहता येते आणि मागच्या गाडीने खाली येता येते. परतल्यावर नावेच्या आकाराची 'नावेत' बिस्किटे जरूर घ्या. शंकरपाळ्यासारखी कडक आणि नारंगीच्या फुलांच्या वासाची. शिवाय ऑलिव्ह तेलाचा इथला प्रसिद्ध साबण आहेच.

आणि हो, परतीच्या वाटेवर मुलांना ती उडीची गोष्ट सांगा. गाडीतला आवाज सारे शहर सांगेल, पण ही गोष्ट आपणच सांगायची आहे.