मोटरचा वेग आणि सी भाषेतील एक आकडा

सी भाषेत प्रोग्राम लिहून छोट्या रोबोची मोटर चालवताना तिचा वेग बहुधा पल्स विड्थ मॉड्युलेशनने (स्पंदांची रुंदी बदलून शक्ती कमी-जास्त करण्याची पद्धत) ठरवला जातो. आर्डुइनो उनो या बोर्डावरील एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरमध्ये (एका चिपमधील छोटा संगणक) त्यासाठी टायमर असतात. टायमर योग्य रीतीने बसवून ‘ओसीआर०ए’ या रजिस्टरमध्ये (चिपमधील नोंदीचा खाना) ० ते २५५ यांतील आकडा लिहिला, की प्रत्येक आवर्तनात पिन किती काळ चालू राहील हे ठरते.

१२७ लिहिल्यावर पिनवर सतत अडीच व्होल्ट मिळतात, असा समज अनेकदा आढळतो. मल्टिमीटर जवळपास तेवढेच दाखवत असल्याने तो पक्का होतो. पण ती केवळ सरासरी असते. प्रत्यक्षात पिनवर शून्य किंवा पाच व्होल्ट, एवढ्या दोनच स्थिती असतात आणि त्या सेकंदाला शेकडो वेळा पालटतात. सायकलस्वार थोडा वेळ पायडल मारून थोडा वेळ पाय थांबवतो, तरी सायकल जडत्वामुळे पुढे जातच राहते. मोटरचेही तसेच होते.

म्हणून हा आकडा व्होल्टचा नसून वेळेचा हिस्सा सांगणारा आहे. निम्मा वेळ वीज दिल्याने वेग नेमका निम्मा होईलच असे नाही. भार आणि घर्षण यांनुसार तो बदलतो. फार लहान आकड्याला मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. शिवाय पिन फारच थोडा प्रवाह देऊ शकते. मोटरला लागणारा प्रवाह एल२९३डीसारख्या मोटर ड्रायव्हरमधूनच द्यावा लागतो.